फ्लाइट सिम्युलेटरसाठी अपग्रेड: खरेदीआधी मोजमाप हवे

महोदय,

वर्तमानपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक पानांवर गेमिंगच्या संगणकाबद्दल जो सल्ला छापून येतो, तो बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो: परवडेल तेवढे मोठे ग्राफिक्स कार्ड घ्यावे आणि जमल्यास प्रोसेसर ओव्हरक्लॉक करावा, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवावा. नेमबाजीच्या किंवा मोटार-शर्यतीच्या खेळांसाठी हा सल्ला बऱ्याच अंशी चालून जातो. फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवण्याचा आभासी अनुभव देणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्यांचे मात्र त्याने नुकसान होते, कारण त्यांच्या संगणकावर काम अडते ते वेगळ्याच ठिकाणी. शाळकरी मुलांपासून निवृत्त माणसांपर्यंत अनेक जण या छंदात वर्षानुवर्षे रमतात आणि अपग्रेडसाठी पैसे साठवतात. त्यांच्या गरजेचा आपल्या पानांवर स्वतंत्रपणे विचार व्हावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सिम्युलेटरमध्ये पडद्यावरची प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, काढण्याआधी बराच हिशेब पुरा व्हावा लागतो. पंखांवरचे हवेचे बल, इंजिन, ऑटोपायलट, कॉकपिटमधले डिजिटल पडदे, हवामान, विमानतळावरची इतर विमाने, पुढे दिसू लागणारा भूभाग असे सगळे त्यात येते, आणि या कामाचा मोठा वाटा प्रोसेसरच्या एकाच मुख्य थ्रेडवर (कामाच्या एका सलग साखळीत), एकामागून एक असा चालतो. त्यामुळे प्रोसेसरला सोळा कोअर (स्वतंत्रपणे काम करू शकणारे भाग) असले तरी त्यांतले बरेचसे त्या एका थ्रेडची वाट पाहत बसतात. समजा, मुख्य थ्रेडला एका फ्रेमसाठी २५ मिलिसेकंद लागतात आणि ग्राफिक्स कार्ड आपले काम १५ मिलिसेकंदांत उरकते. अशा संगणकावर सेकंदाला ४० फ्रेम मिळतील. आता दुप्पट वेगाचे ग्राफिक्स कार्ड बसवले, तर त्याचे काम साडेसात मिलिसेकंदांत होईल. पण फ्रेम ४०च राहतील.

म्हणून खरेदीआधी अडचण नेमकी कुठे आहे हे पाहिले पाहिजे, आणि ते घरबसल्या, एक पैसाही खर्च न करता पाहता येते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड सुरू करून फ्रेमदर्शक चालू केला, की कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मुख्य थ्रेडला आणि ग्राफिक्स कार्डाला लागणारा वेळ वेगवेगळा दिसतो आणि सध्याची मर्यादा मेन थ्रेडची आहे की ग्राफिक्स कार्डाची, हेही तिथेच लिहून येते. ज्यांना हे किचकट वाटते त्यांनी गर्दीच्या विमानतळावर, ढगाळ हवेत विमान उभे करावे आणि रेंडर स्केलिंग (चित्र किती बारकाईने काढायचे ते ठरवणारी सेटिंग) १०० वरून ५० वर आणावे. चित्र धूसर होऊनही फ्रेमची संख्या जागची हलली नाही, तर ग्राफिक्स कार्ड निर्दोष आहे असे समजावे. त्यानंतर भूभागाच्या तपशिलाची पट्टी अर्ध्यावर आणून पाहावी. फ्रेम लगेच वाढल्या, तर ताण प्रोसेसरवर आहे हे जवळपास नक्की झाले. माझ्या मते ही परीक्षा केल्याशिवाय कोणीही नवा भाग घेऊ नये.

ओव्हरक्लॉकिंगचा पगडा या छंदावर इतका का आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. १९९८ साली आलेला सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, बसचा (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की बहुतेकदा ४५० वर बिनतक्रार चालत असे. म्हणजे थेट ५० टक्के वाढ मिळत होती, तीही फुकट. पुढे २००६ साली फ्लाइट सिम्युलेटर एक्स आला. त्याचे बहुतेक काम एकाच कोअरवर चालत असल्यामुळे गिगाहर्ट्झचा प्रत्येक दशांश पडद्यावर दिसायचा, आणि त्या काळात प्रोसेसर ताणून चालवणे हे शहाणपणाचेच होते. आज परिस्थिती बदलली आहे. नवे प्रोसेसर तापमान आणि वीज यांचा अंदाज घेत स्वतःच वरच्या वेगापर्यंत जातात आणि कारखान्यातून येतानाच त्यांची बरीचशी क्षमता वापरलेली असते. हाताने ओव्हरक्लॉक करून ५ टक्के वेग वाढला, तर वरच्या उदाहरणातल्या ४० फ्रेमच्या ४२ होतील. त्या दोन फ्रेमसाठी व्होल्टेज १० टक्के वाढवावे लागले, तर विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे प्रोसेसरच्या कामाला लागणारी वीज सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. ती सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते.

या क्षेत्रात गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा फरक कॅश मेमरीने, म्हणजे प्रोसेसरमधल्याच छोट्या पण अतिजलद मेमरीने, घडवला, आणि माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा हाच आहे. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डी बाजारात आणला. त्याच मालिकेतल्या साध्या ५८००एक्सचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ होता, तर याचा ४.५, शिवाय याचा गुणक (प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा) कुलूपबंद असल्यामुळे नेहमीच्या पद्धतीने ओव्हरक्लॉकिंगही करता येत नव्हते. तरीही फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तो स्पष्टपणे पुढे राहिला, कारण त्याची तिसऱ्या पातळीची कॅश ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट होती. सिम्युलेटरला लागणारी माहिती मेमरीत विखुरलेली असते. ती कॅशमध्ये सापडली नाही, की प्रोसेसरला रॅमपर्यंत जाऊन यावे लागते, आणि त्या फेरीत घड्याळाचे शेकडो ठोके वाया जाऊ शकतात. थांबून राहिलेल्या प्रोसेसरचा वेग वाढवून काय साधणार? पुढे २०२३ मध्ये ७८००एक्स३डी आला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ९८००एक्स३डी. या शेवटच्यात जादा कॅश कोअरच्या खालच्या थरात नेल्यामुळे उष्णता सहज बाहेर पडते आणि ओव्हरक्लॉकिंगचीही मुभा मिळाली आहे. पण तो घेण्यामागचे कारण कॅश हेच असावे.

रॅमच्या बाबतीत तर अनेकांचा फायदा डोळ्यांदेखत वाया जातो. खोक्यावर ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम बसवल्यावर आपोआप त्या वेगाने चालत नाही. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो हा रॅम जाहीर वेगाने चालवणारा पर्याय चालू करेपर्यंत ती अनेकदा ४८०० वरच राहते. चार जागा असलेल्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या बसवायच्या असतील, तर त्या सामान्यतः प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत जातात. शेजारीशेजारी बसवल्या, तर दोन्ही चॅनेल (मेमरीकडे जाणारे मार्ग) वापरात येत नाहीत आणि मेमरीची रुंदी निम्मी होते. चारही जागा भरल्या, की डीडीआर५ चा वेग बऱ्याचदा खाली आणावा लागतो. त्यामुळे १६ गिगाबाइटच्या दोन पट्ट्यांनी सुरुवात करून नंतर दोन जोडू, असा बेत करण्यापेक्षा हवी तेवढी रॅम पहिल्यापासून दोनच पट्ट्यांत घेणे चांगले. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या सिम्युलेटरसाठी शिफारस ३२ गिगाबाइटची आहे आणि आदर्श म्हणून ६४ चा आकडा दिलेला आहे.

ओव्हरक्लॉकिंगच्या स्थिरतेविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. इतर खेळ बंद पडला, तर दहा-पंधरा मिनिटांचा डाव जातो; इथे सहा तासांचे उड्डाण जाते. सिम्युलेटरवर सर्वाधिक भार पडतो तो मोठ्या शहराजवळ उतरताना. इमारती, विमानतळ, रहदारी आणि ढग हे सारे एकदम भरू लागते आणि काठावर असलेली सेटिंग नेमकी तेव्हाच कोसळते. ताणचाचणी रात्रभर पार पडली म्हणजे संगणक स्थिर आहे, असे म्हणता येत नाही, कारण त्या चाचणीतला भार एकसारखा असतो आणि सिम्युलेटरमधला सतत चढउतार करणारा. अस्थिर रॅमचा धोका याहून मोठा, कारण संगणक बंद न पडताही ती फायलींमध्ये चुकीची माहिती लिहू शकते. सिम्युलेटर वारंवार बंद पडत असेल, तर विकत घेतलेल्या विमानाच्या किंवा विमानतळाच्या ॲड-ऑनला दोष देण्याआधी सगळी सेटिंग मूळ पदावर आणून पाहावी. जादा व्होल्टेज काय करू शकते, हे २०२४ साली सगळ्यांनी पाहिले आहे: इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये अस्थिरता दिसू लागली, वाढीव व्होल्टेज हे त्याचे कारण असल्याचे कंपनीने सांगितले, मायक्रोकोडच्या (प्रोसेसरमधल्या अंतर्गत सूचनांच्या) सुधारणा दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्यापेक्षा व्होल्टेज थोडे कमी करून, म्हणजे अंडरव्होल्ट करून, तोच वेग थंड डोक्याने टिकवता येतो का ते पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ग्राफिक्स कार्डाला मी कमी लेखत नाही. ४के पडद्यावर किंवा व्हीआर हेडसेटमध्ये उडणाऱ्यांचा भार खरोखर त्याच्याकडे सरकतो आणि तिथे कार्डावरची मेमरी निर्णायक ठरते. ती भरली, की फ्रेम हळूहळू न घसरता एकदम कोसळतात. फ्रेम जनरेशनने चित्र गुळगुळीत दिसते हे खरे. मात्र मधल्या फ्रेम अंदाजाने भरलेल्या असल्यामुळे धावपट्टीवर टेकताना योकला (विमानाच्या सुकाणूला) मिळणारा प्रतिसाद त्याने जलद होत नाही.

एसएसडीमुळे उड्डाण लवकर सुरू होते, फ्रेम फारशा वाढत नाहीत. पॉवर सप्लाय चांगल्या प्रतीचा घ्यावा, एवढे पुरे. उरलेले पैसे रडर पेडल (पायाने विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवण्याचे पेडल) आणि चांगला योक यांवर घालावेत असे मी मनापासून सुचवीन, कारण तीन प्रोसेसर बदलले तरी तीच पेडल वापरता येतात आणि आडव्या वाऱ्यात विमान सरळ उतरवण्याचा आनंद कुठल्याही कार्डातून मिळत नाही. ही उपकरणे स्वतंत्र वीजजोडणी असलेल्या यूएसबी हबवर लावावीत.

आपल्याकडे माझी विनंती आहे ती परीक्षणांच्या पद्धतीबद्दल. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डाचे परीक्षण छापताना सरासरी फ्रेमचा एकच आकडा दिला जातो, आणि तो सिम्युलेटर वापरणाऱ्याच्या कामाचा नसतो. सरासरी ५० असूनही दर काही सेकंदांनी एखादी फ्रेम १०० मिलिसेकंद अडकत असेल, तर ते उड्डाण त्रासदायकच होते. उलट ६० हर्ट्झच्या पडद्यावर न हलणाऱ्या ३० फ्रेम अतिशय सुखाच्या असतात. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये तर फ्रेम साधारण २० च्या खाली गेल्या, की सिम्युलेटरमधला काळच मंदावतो. म्हणून परीक्षणात एक चाचणी फ्लाइट सिम्युलेटरची असावी. ती मोकळ्या समुद्रावर न घेता न्यूयॉर्कसारख्या दाट शहराजवळ उतरताना, दरवेळी त्याच हवामानात आणि त्याच विमानाने घ्यावी. निकालात सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा, मुख्य थ्रेडला लागलेला वेळ आणि रॅम कोणत्या वेगाने चालत होती, हेही छापावे. ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकाचे आकडे दिले, तर त्याच भागांचे मूळ सेटिंगवरचे आकडे आणि दोन्ही वेळचा वीजवापर शेजारी द्यावा.

आपला,
एक वाचक