मित्रास पत्र : साथीच्या काळातील आशाताई आणि त्यांची वही

नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर तुझी निवड झाल्याचे वाचून फार समाधान वाटले. पुन्हा एखादी साथ आलीच, तर गावातील म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि जुनी दुखणी अंगावर असलेले लोक यांना समितीने कसे सांभाळावे, असे तू विचारले आहेस. मी डॉक्टर नाही. पण कोरोनाच्या काळात आमच्या उत्तर नागपुरातील वस्तीत घरोघर फिरणाऱ्या आशाताई, एएनएम सिस्टर (सहायक परिचारिका) आणि नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचारी यांचे काम मी जवळून पाहिले आहे, आणि त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे : जोखमीचा माणूस कोणत्या घरात, कोणत्या खोलीत राहतो हे ज्याला साथ येण्यापूर्वीच ठाऊक असते, तोच साथीत त्याला वाचवू शकतो.

तुला आठवत असेल, नागपुरात पहिला रुग्ण मार्च २०२० मध्ये सापडला आणि एप्रिलमध्ये सतरंजीपुरा व मोमिनपुरा या भागांची नावे रोज बातम्यांत येऊ लागली. दोन्ही भाग दाट वस्तीचे. एका खोलीत तीन पिढ्या, आणि कित्येक ठिकाणी शौचालयही सामाईक. अशा घरातील आजीला ‘वेगळ्या खोलीत राहा’ असे सांगण्यात काय अर्थ होता? म्हणूनच बाधितांच्या संपर्कातील शेकडो लोकांना आमदार निवासासारख्या विलगीकरण केंद्रांत हलवण्यात आले. लोक घाबरले, काही चिडलेही, आणि त्यांची समजूत घालण्याचे काम अखेर त्यांच्याच ओळखीच्या बायांच्या अंगावर पडले. ज्या ताईने सुनेचे बाळंतपण मेयो या सरकारी रुग्णालयात नेऊन केले होते, तिच्यासाठी दार उघडत असे. अनोळखी अधिकाऱ्यासाठी ते उघडेलच असे नव्हते.

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक अशा पथकाने दिवसाला साधारण ५० घरे पाहायची, प्रत्येकाचे तापमान व रक्तातील ऑक्सिजन मोजायचा, आणि मधुमेह, रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग यांची चौकशी करून नोंद ठेवायची, असे तिचे स्वरूप होते. नागपुरात नेमकी तेव्हाच पहिली लाट शिगेला पोहोचली होती. कोरोनात कित्येकांचा ऑक्सिजन उतरत असूनही त्यांना धाप लागत नसे, त्यामुळे ‘मला काही होत नाही’ या म्हणण्यावर विसंबणे धोक्याचे होते. पुढे सहा मिनिटे चालण्याची चाचणी सांगितली जाऊ लागली : बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा पाहायचा, घरातच सपाट जमिनीवर सहा मिनिटे चालायचे, पुन्हा आकडा पाहायचा, तो तीनपेक्षा अधिक अंकांनी घसरला किंवा ९३ च्या खाली गेला, तर दवाखाना गाठायचा. साठीपुढच्यांना तीन मिनिटे पुरेशी मानली होती. आमच्याकडच्या ताई मात्र आधी बोट पाहत असत. मेंदी वा नेलपॉलिश असेल तर दुसरे बोट, हात गार असेल तर तो चोळून ऊब आणायची, आणि आकडा स्थिर झाल्याशिवाय लिहायचा नाही. हे बारकावे क्षुल्लक समजू नकोस, कारण चुकीच्या आकड्याने धीर धरून घरी बसलेला माणूस दवाखान्यात फार उशिरा पोहोचतो.

आता सिकलसेलविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण विदर्भात हा आजार मोठा आहे आणि तुमच्या भागातही त्याचे रुग्ण नक्की असतील. या आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना होतात. ताप, संसर्ग आणि शरीरातील पाणी कमी होणे ही त्या वेदनांना निमंत्रण देणारी कारणे. म्हणजे साथ आणि नागपूरचा उन्हाळा एकत्र आले की या मुलांवर दुहेरी संकट. शिवाय सिकलसेलमध्ये छातीत दुखून धाप लागण्याचा जो गंभीर प्रकार होतो, तो वरकरणी कोरोनासारखाच दिसतो, आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. अशा रुग्णाचे, आजाराची नोंद असलेले कार्ड सोबत नसेल आणि कुणी बोललेच नाही, तर नवख्या डॉक्टरला ते कसे कळावे? टाळेबंदीत आमच्या वस्तीतील एका ताईने आपल्या भागातील सिकलसेलच्या रुग्णांची यादी स्वतःच्या वहीतून काढली, हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या कुणाच्या संपत आल्या आहेत ते विचारून आरोग्य केंद्रातून त्या घरपोच केल्या, आणि प्रत्येक घरी बजावून ठेवले की ताप आला तर वाट पाहायची नाही, कार्ड घेऊन थेट ‘मेडिकल’, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठायचे. या कामाची बातमी कुठेही आली नाही. माझ्या मते त्या वर्षातील सर्वांत मोलाचे काम तेच होते.

जिथे असा पाठपुरावा तुटला तिथे काय झाले, हे क्षयरोगाच्या आकड्यांवरून दिसते. देशात २०१९ मध्ये क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ही नोंद सुमारे १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला नव्हता, खोकणारा माणूस तपासणीपर्यंत पोहोचला नव्हता. बाळांच्या लसी आणि गरोदरपणातील तपासण्या यांचीही तीच कथा.

कोरोनाच्या लसीकरणात तर या बायांचा आधार आणखी मोठा ठरला. मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला सुरुवातीचे काही आठवडे केवळ ऑनलाइन नोंदणीवर लस मिळत होती. ज्याच्या घरी स्मार्टफोन नाही त्याने काय करायचे, याचे उत्तर यंत्रणेकडे तेव्हा नव्हते. ते ताईंनी आपल्या फोनवरून दिले. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस देण्याची मुभा केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये दिली, तेव्हा अशी माणसे कोणत्या घरांत आहेत हे सांगायला पुन्हा त्यांचीच वही उपयोगी पडली.

हे सर्व करणाऱ्या बाईला मिळत काय होते? आशा ही नोकरदार नव्हे, ‘स्वयंसेविका’. तिला तेव्हा मुख्यतः कामागणिक मोबदला मिळत असे. कोरोनाच्या अधिक कामासाठी केंद्र सरकारकडून दरमहा १,००० रुपये ठरले होते, आणि मृत्यू झाल्यास ५० लाखांचे विमा कवच. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना मास्क लावून पत्र्याच्या घरांतून फिरणाऱ्या बाईसाठी ही रक्कम किती तोकडी आहे, याचा विचार तूच कर. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या आणि त्यानंतर त्यांचे मानधन काहीसे वाढले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला, याचा मला मनापासून आनंद झाला. पण गौरवाने घरभाडे भरले जात नाही. जी स्वतः उपाशी आणि असुरक्षित आहे, तिच्याकडून इतरांच्या संरक्षणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असे मला ठामपणे वाटते.

तेव्हा समितीच्या पहिल्याच बैठकीत जंतुनाशक फवारणी आणि फलक यांवर चर्चा लांबवू नकोस. गावातील एकटे राहणारे वृद्ध, सिकलसेल, क्षय, मधुमेह व डायलिसिसचे रुग्ण, आणि येत्या महिन्यांत बाळंत होणाऱ्या स्त्रिया यांची यादी आशाताईंसोबत बसून करा, आणि ती दर तीन महिन्यांनी तपासत जा. ती यादी चावडीवर वाचून दाखवू नका. आजार जाहीर झाला की लोक तो लपवू लागतात. रात्रीअपरात्री रुग्ण न्यायला कुणाची गाडी मिळेल हे आधीच ठरवून ठेवा. समितीच्या निधीतून एक चांगला ऑक्सिमीटर आणि एक थर्मामीटर घ्या, आणि त्यांच्या बॅटऱ्या कोण बदलणार तेही लिहून ठेवा.

बैठकीआधी एक काम मात्र जरूर कर. तुमच्या आशाताईंना मोबदला कोणत्या महिन्यापर्यंत मिळाला आहे ते विचार आणि मला कळव. थकला असेल तर तालुक्याला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी लिहून पाठवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र