लॅबवाल्या मॅडमना, एका पोरीच्या बापाकडून

आदरणीय मॅडम,

पोरीला ब्लड कॅन्सर झाला होता. तिच्या बोन मॅरोचा, म्हणजे हाडातल्या मगजाचा, रिपोर्ट परवा हाती आला. पंधरा आणि सतरा नंबरच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असणार, असं तुम्ही नुसत्या काचेवरच्या पेशी बघून सांगितलं होतं. त्या अदलाबदलीचा आता मागमूस नाही. घरात सगळे रडले. मला मात्र पहिल्यांदा तुम्ही आठवलात.

तुमच्या दारात येण्याआधी आम्ही काय काय केलं, ते आठवलं की अजून डोकं तापतं. हिरड्यांतून रक्त, मांड्यांवर जांभळे डाग, अंगात ताप. ‘साथ आहे, डेंग्यू असंल, पेशी उतरल्या’ म्हणून सलाईन लावलं, पपईच्या पानांचा रस पाजायला लावला. एका ठिकाणी कमरेत सुई दिली, तर तिथं तळहाताएवढी काळीनिळी गाठ आली. तरी कोणाला शंका आली नाही. डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुधा कमी होतात, हे मला तुमच्याकडून कळलं. हिच्या तर चाळीस हजारांवर गेल्या होत्या. तो आकडा मशीनच्या कागदावर छापलेलाच होता. कागद घडी करून फाईलीत ठेवला गेला. एक थेंब काचेवर पसरून बघायला किती वेळ लागतो हो?

तुम्ही बघितलं. लॅब बंद करायची वेळ झाली होती, तुमच्या पोराचे घरून फोन येत होते, आणि तुम्ही मायक्रोस्कोपवरून मान वर काढत नव्हता. मग मलाही बसवून दाखवलं. या आजारात पेशी दाण्यादाण्यांनी गच्च भरलेल्या असतात म्हणालात, पण हिच्यात दाणे दिसतच नव्हते. केंद्रक मधोमध दुमडलेलं, आपट्याच्या पानासारखं. बाकी कोणी याला दुसऱ्याच जातीचा ब्लड कॅन्सर समजलं असतं. पण एका पेशीत तुम्हाला बारीक काड्यांचा जुडगा सापडला आणि तुम्ही उठून उभ्या राहिलात. ‘एपीएल नावाचा ब्लड कॅन्सर आहे भाऊ, त्यातला लपून राहणारा प्रकार. यात माणूस कॅन्सरच्या आधी रक्तस्रावानं जातो. आजच निघा.’

नागपूरच्या डॉक्टरांसाठी तुम्ही इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. ते तर कोणीही करतं. त्यानंतर दुसरा कागद घेतलात आणि ठळक मराठीत माझ्यासाठी लिहिलंत: ‘स्नायूत सुई देऊ नका. ब्रशनं दात घासू नका. एट्राची गोळी आजच सुरू करा, जनुक तपासणीची वाट बघू नका.’ आणि म्हणालात, ‘वाचून दाखवा बरं.’ मी वाचलं. ‘एट्रा’पाशी अडखळलो, तर पुन्हा वाचायला लावलंत. मॅडम, तोवर फाईल मी काखेत घेऊन फिरत होतो आणि तिच्यात काय लिहिलंय ते मलाच ठाऊक नव्हतं. पोरीच्या आजारात बापालाही काही कळू शकतं, असं समजून माझ्याशी बोलणाऱ्या तुम्ही पहिल्या.

हिंगणघाट, जाम, बुटीबोरी, अख्खा रस्ता मी तो कागद घोकत होतो. मध्यरात्री कॅज्युअल्टीत एक पोरगेला डॉक्टर ताप उतरवायला कमरेत सुई द्यायला निघाला, तेव्हा मी हात आडवा धरला आणि तुमची ओळ म्हणून दाखवली. तो रागावला नाही. कागद वाचला, सुई बाजूला ठेवली आणि वरच्या डॉक्टरांना फोन लावला. पहाटेपर्यंत गोळी पोरीच्या पोटात होती. जनुकांचा रिपोर्ट नंतर सवडीनं आला. त्यात तुम्ही म्हणालात तेच निघालं.

ही गोळी जीवनसत्त्व अ च्या गोतातली, आणि तिच्या जोडीला शिरेतून देतात तो चक्क सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष. हिच्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या, म्हणून किमोही द्यावी लागली. शांघायच्या वांग झेन्यी यांनी १९८५ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला ही गोळी पहिल्यांदा दिली आणि ती बरी झाली, हे वॉर्डात एका सिस्टरनं सांगितलं. त्याआधी हा आजार झाला की पुष्कळ जण बघता बघता जायचे. आता वेळेत ओळखला तर बहुतेक जण पुरते बरे होतात. ‘वेळेत’ म्हणजे किती वेळात, ते आम्ही बघितलं.

त्या रात्रीच्या पोरगेल्या डॉक्टराचं, त्या सिस्टरचं, भाडं नंतर द्या म्हणणाऱ्या गाडीवाल्याचं नावही मला माहीत नाही. कोणाचा कोण, पण माणसासारखे वागले. आमच्या भागात कपाशी बुडाली की सांत्वनाला पुष्कळ येतात. खुर्ची ओढून समोर बसणारा आणि नीट समजावून सांगणारा क्वचितच भेटतो.

सोमलाचे डोस अजून बाकी आहेत. केस गळलेत, पण जेवण चांगलं चाललंय आणि बीएस्सीचा फॉर्म भरायचा म्हणून मागे लागली आहे. तिला तिची ती काच बघायची आहे. तुम्ही ठेवली असेल तर कधी आणू, तेवढं कळवा. संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर आलो तरी चालेल.

आपला ऋणी,
पांढरकवड्याकडचा एक शेतकरी