तळहातावरची हळद

सांगली, रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

पत्रास कारण की, मंगळवारी मी सौद्यात हळकुंड स्वतःच्या हातानं मोडलं. ही केवढी गोष्ट आहे ते तुला कळेल, म्हणून पहिल्यांदा तुलाच कळवतोय.

मार्केट यार्डात अडतीवर कामाला असून दोन वर्षं मी मालाला हात लावला नव्हता. कारण माझा ओसीडी, म्हणजे घाणीची भीती मनात घुसून पुन्हा पुन्हा हात धुवायला लावणारा आजार. पोत्यावर किती जणांचे हात, पाय, थुंकी, एवढं मनात आलं की संपलं. मंगळवारी नमुना दाखवणारा पोरगा आला नव्हता आणि व्यापारी समोर उभा. पोत्यात हात घातला, एक हळकुंड काढलं, मोडलं, आतला केशरी रंग दाखवला. पूड बोटांच्या रेघांत बसली. छाती धडधडायला लागली, पाय आपोआप नळाकडे वळले. नळापाशी गेलो, तोटीकडे बघत उभा राहिलो आणि परत आलो. तासाभरात धडधड आपोआप उतरली. दुपारी त्याच पिवळ्या हातानं भाकरी खाल्ली.

डॉक्टरांनी शिडी करून दिलीय. भीतीला ० ते १०० गुण. दाराची कडी ३०, भिजकी नोट ५०, पोतं ८०. खालच्या पायरीपासून हात लावायचा आणि धुवायचा नाही. याला एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली अशा दोन रुग्णांचा अनुभव छापला होता. तेव्हाही माझ्यासारखे होते, याचाच मला आधार वाटला. गोळीही चालू आहे, पण ती म्हणजे पी हळद नि हो गोरी नव्हे. ओसीडीत फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात.

२०१९ चा महापूर आठवतोय ना? पाणी ओसरल्यावर सगळी सांगलीच ब्लीचिंग पावडर टाकून घरं धूत होती, त्यामुळं माझं वेगळं कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाकीचे थांबले, मी थांबलो नाही. आई म्हणायची, पोरगा सोवळ्याचा झाला. पण सोवळ्यात मनाला समाधान असतं रे. इथं दहाव्यांदा धुऊनही हात घाणच वाटायचा. पेरांना भेगा पडलेल्या, कालवणातलं मीठ झोंबायचं. आता भेगा बुजल्यात. तुझी वहिनी परवा हात हातात घेऊन नुसती बघत बसली.

सगळं सुटलंय असं नाही. दवाखान्यातला बाक अजून ९५ वर आहे. गुरुवारी घरी येऊन तीनदा अंघोळ केली आणि रडलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा यार्डात गेलो.

आता एक मागणं. रात्री-अपरात्री फोन करून "काही होणार नाही ना?" असं मी विचारायचो आणि तू झोपेतनं उठून "काही होत नाही" म्हणायचास. तुझी माया मला कळते. पण ते उत्तर म्हणजे माझ्यासाठी हात धुण्यासारखंच आहे. घटकाभर बरं वाटतं आणि पुन्हा विचारावंसं वाटतं. वहिनीनं तसं उत्तर देणं बंद केलंय, पहिले आठ दिवस दोघांनाही फार जड गेले. आता तूही देऊ नकोस. हवं तर फोनवर नुसता थांब, पावसापाण्याचं बोल.

दिवाळीला आलास की हरिपूरला संगमावर जाऊ. एकाच पुड्यातनं भडंग खाऊ. मध्येच मी "हात स्वच्छ आहेत ना?" विचारलं, तर काही बोलू नकोस, पुडा पुढं कर.

तुझाच,
सांगलीकर