साठवणीचे धान्य आणि एरंडेल

महोदय,

पावसाळ्यापूर्वी कडधान्ये भरून ठेवणाऱ्यांसाठी अनुभवाच्या दोन गोष्टी कळवाव्याशा वाटतात. मूग, मटकी, हरभरा यांना दोन-तीन कडक उन्हे द्यावीत, ती पूर्ण निवू द्यावीत आणि मगच किलोला एक लहान चमचा एरंडेल चोळून डबे भरावेत. भुंगा दाण्याच्या सालीवर अंडी घालतो आणि तेलाच्या पातळ थरामुळे त्यांची वाढ खुंटते. निवण्याची वाट न पाहता मी एकदा गरम मटकी डब्यात भरली, आणि आत दमटपणा धरून पाच किलो मटकी बुरशीने वाया गेली. सदनिकेत ऊन मिळत नसेल, तर थोडे थोडे कडधान्य घट्ट बांधलेल्या पिशवीत चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवावे. बाहेर काढल्यावर मात्र पिशवीचा गारवा जाईपर्यंत ती उघडू नये, अन्यथा दाण्यांवर दव धरते. रवा कोरडाच भाजून ठेवावा. कडुनिंबाचा पाला घालायचाच असेल तर तो सावलीत खडखडीत वाळवलेला हवा (ओल्या पाल्यापेक्षा न घातलेला बरा). धान्याला बोरिक पावडर लावण्याची सवय मात्र सोडावी, कारण ते विषारी द्रव्य धुऊन पूर्ण गेले, याची खात्री स्वयंपाकघरात कोणालाच देता येत नाही.

— एक गृहिणी, सातारा