ले-आऊट मंजूर करताना शेजारचा नकाशा पण बघा

मा. नगरविकास मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढं राहतो. आमच्या कॉलनीचा रस्ता संपतो तिथं भिंत आहे आणि आई जिथं फिजिओथेरपीला जाते तो दवाखाना भिंतीच्या पलीकडं, अगदी हाकेवर, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला रिक्षात बसवून पार मेनरोडने वळसा घालून न्यावं लागतं. पोरांनी पाय ठेवायला भिंतीतल्या दोन विटा काढल्यात, क्लासला जाताना आधी दप्तर पलीकडं टाकतात मग स्वतः उडी मारतात.

हे होतं कसं तर जमीन गटागटाने विकली जाते, ज्याचा त्याचा ले-आऊट, म्हणजे प्लॉट आणि रस्त्यांचा नकाशा, वेगळा, पहिला माणूस रस्ता बांधापर्यंत आणून सोडतो कारण पलीकडं तेव्हा द्राक्षबाग असते, पाच-सहा वर्षांनी बाग विकली जाते आणि नवीन ले-आऊटमध्ये बरोबर त्या रस्त्यासमोरच प्लॉट पडतो. झालं, रस्ता कायमचा बंद.

2001 ला 10 लाख 77 हजारांचं नाशिक 2011 ला 14 लाख 86 हजारांवर गेलं, त्यानंतरची वाढ तर डोळ्यांना दिसतेय. एवढे सगळे लोक त्याच एकदोन रस्त्यांवर येणार म्हटल्यावर मुंबई नाका, द्वारका हे चौक तुंबणारच ना. जुन्या नाशकात सराफ बाजारातनं गोदाकाठी जायचं तर एक बोळ बंद असला तरी दुसऱ्या बोळातनं जाता येतं. गल्ल्या अरुंद आहेत, मान्य, पण माणूस अडत नाही.

बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी 2015 ला अमेरिकेतल्या शंभर वर्षांच्या रस्त्यांचा अभ्यास मांडला, तिथं असे तुटक रस्ते पाडणं 1994 च्या सुमारास सगळ्यात जास्त होतं, नंतर ते कमी होत गेलं. म्हणजे मनावर घेतलं तर बदलतं. पण लवकर घ्यावं लागेल साहेब, घरं पाडून नवीन बांधतात, रस्ता मात्र एकदा पडला की पिढ्यान् पिढ्या तसाच राहतो.

मागणी एवढीच, शेजारच्या गटाचे रस्ते जुळले नाहीत तर ले-आऊटवर शिक्का मारू नका. आणि जिथं भिंती झाल्याच आहेत तिथं गाडी नको, माणूस आणि सायकल जाईल एवढी वाट काढून द्या. पलीकडच्या सोसायटीला चोऱ्यांची भीती वाटते, ती काही खोटी नाही, पण दोघांना एकत्र बसवणारं कुणीतरी पाहिजे ना. सिंहस्थाच्या निमित्ताने मोठ्या रस्त्यांची कामं निघालीत, त्यातच हे पण घ्या.

पाहणीला माणूस पाठवणार असाल तर संध्याकाळी पाचला पाठवा, पोरं तेव्हाच क्लासला निघतात.

आपला,
एक नाशिककर