अस्माराला निघण्याआधी

चि. सईस अनेक आशीर्वाद.

एरिट्रियाच्या राजधानीचं, अस्माराचं, पक्कं केलंस, पण तिकीट अजून काढलं नाहीस, तेवढ्यात हे वाच. तिथं रमतगमत फिरायला मिळावं असं वाटत असेल तर रोकड आणि कागदपत्रं या दोन गोष्टी इथूनच चोख हव्यात. बाकी काही राहिलं तर तिथं निभावून नेता येतं.

आधी पैसे. एरिट्रियात आपलं कार्ड चालत नाही आणि आपल्या कार्डावर पैसे देणारं एटीएमही नाही. सगळ्या मुक्कामाचा हिशेब कर, त्यावर तिसरा हिस्सा जास्तीचा धर आणि तेवढे अमेरिकी डॉलर रोख ने. नोटा नव्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या असू देत, आणि एक, पाच, दहाच्या भरपूर घे. विमानतळावर जवळच्या परकीय चलनाची नोंद कर आणि त्या कागदाची प्रत पासपोर्टातच ठेव, परतताना विचारू शकतात. तिथलं चलन नाकफा. एका डॉलरला १५ नाकफा हा सरकारी दर २००५ पासून बांधलेला आहे. पैसे हिंबोल या अधिकृत चलन-बदली कचेरीच्या खिडकीवरच बदल. रस्त्यावर कुणी जास्त भाव सांगितला तरी तो गुन्हा आहे, आणि पकडलं तर तुझ्यापेक्षा त्या माणसाचे हाल जास्त होतात. हॉटेलवाले परदेशी पाहुण्यांकडून बहुधा डॉलरच मागतात आणि नाकफा देशाबाहेर कुणी घेत नाही, म्हणून रोजच्या खर्चापुरतेच मोडत जा.

व्हिसा दिल्लीच्या वकिलातीतून आधी हातात घे, मगच तिकीट. अदिस अबाबाहून येणारी विमानं सप्टेंबर २०२४ मध्ये थांबली, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून तो मार्ग धरू नकोस. दुबई किंवा कैरोकडून बघ.

अस्मारा शहरात फिरायला कुणी अडवत नाही, पण शहराबाहेर पाऊल टाकायचं तर परदेशी माणसाला परवाना लागतो. तो शहराच्या मुख्य रस्त्यावरच्या, हार्नेट अव्हेन्यूवरच्या, पर्यटन कार्यालयात मिळतो. कुठं जाणार, कोणत्या तारखेला, गाडीचा नंबर, चालकाचं नाव हे सगळं ठरवूनच खिडकीशी जा. साधारण दुसऱ्या दिवशी कागद मिळतो. लोक चुकतात ते वारात. शनिवार-रविवार कार्यालय बंद, आणि केरेन या दुसऱ्या शहरातला जनावरांचा बाजार सोमवारी. उंट, गाढवं, शेळ्या आणि ती घेऊन आलेली माणसं बघायची असतील तर शुक्रवारपर्यंत परवाना हातात हवा. म्हणून बुधवारपर्यंत पोचेल असंच तिकीट काढ.

शहर २,३२५ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून जवळजवळ ७०० मीटर वर. पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागेल. त्या दिवशी सपाटीवरच फिर आणि तहान नसली तरी पाणी पी. ऊन थंड वाटतं पण कातडी भाजतं. संध्याकाळी स्वेटर लागेलच. पाऊस मुख्यतः जुलै-ऑगस्टचा, ते महिने टाळ. वीज जाते, म्हणून टॉर्च आणि पॉवर बँक ने. इंटरनेट कॅफेत मिळतं, पण फार हळू. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेव.

फिरायची सुरुवात फियाट तालिएरोपासून कर. १९३८ चा हा पेट्रोल पंप विमानासारखा दिसतो. दोन्ही बाजूंना सुमारे १५-१५ मीटरचे काँक्रीटचे पंख आहेत आणि त्यांना खालून एकही खांब नाही. पंखाखाली उभी राहून वर बघ, फोटोत ते वजन कळत नाही. मग हार्नेट अव्हेन्यूवर १९३७ चं सिनेमा इम्पेरो. याच इमारतींमुळे २०१७ मध्ये शहर युनेस्कोच्या यादीत गेलं. पण एक लक्षात ठेव. ज्या मध्यवस्तीची सगळे वाखाणणी करतात, तिथं इटालियन अमदानीत एरिट्रियन माणसाला मोकळं फिरायला बंदी होती. म्हणून मेदेबेरला गेल्याशिवाय अस्मारा पाहिलं असं म्हणू नकोस. जुन्या सराईच्या त्या अंगणात रिकामी पिंपं कापून चुली आणि बादल्या ठोकतात, टायरच्या सपाता बनवतात, एका बाजूला बायका लाल मिरची कांडतात. ठोकण्याच्या आवाजानं कान बधिर होतात आणि मिरचीचा ठसका बसतो, रुमाल जवळ असू दे. फोटो विचारल्याशिवाय नको. सरकारी इमारती, सैनिक, विमानतळ यांच्याकडे कॅमेरा वळवायचाच नाही.

खाण्याची तुला काळजी नाही. शिरो म्हणजे हरभऱ्याचं मसालेदार पिठलंच, वर बेर्बेरे मसाल्याचा तिखट रंग. खाली आंबोळीसारखी आंबूस, जाळीदार इंजेरा, तिला तिथं ताइता म्हणतात. उजव्या हातानं तुकडा तोडायचा आणि त्यानंच उचलायचं. शिरोत कधी मांसही घालतात, म्हणून ‘नाय त्सोम’, म्हणजे उपासाचं, असं सांग. बुधवारी आणि शुक्रवारी ऑर्थोडॉक्स लोकांचा उपास असतो, तेव्हा मांस, दूध, लोणी काहीच नसतं. मसुराचं तिमतिमो आवर्जून माग.

कुणी घरी कॉफीला बोलावलं तर तासभर मोकळा ठेव. हिरव्या बिया समोर भाजतात, धूर तुझ्याकडे आणतात. तो हातानं नाकाशी ओढून घ्यायचा. मग कांडून जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात. तिच्या तोंडाला गाळ अडवायला घोड्याच्या केसांचा बोळा असतो. कप तीन वेळा भरतात, तिसऱ्याला बेरेका, म्हणजे आशीर्वाद, म्हणतात. त्याआधी उठणं बरं दिसत नाही. उठताना ‘येकेन्येलेय’ म्हण, धन्यवाद.

केरेन ९१ किलोमीटर आहे, सकाळी लवकर निघ. बाजारानंतर युद्धस्मशानात जा. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्ये इटालियन फौजेविरुद्ध झालेल्या लढाईत समोरच्या त्या उघड्या डोंगरांवर आपली मराठा लाइट इन्फन्ट्रीही लढली. तिथं हिंदू आणि शीख जवानांसाठी वेगळं दहनस्मारक आहे. त्यावरची नावं सावकाश वाच, आपल्याकडची आडनावं दिसली तर वहीत उतरवून आण.

परवाना वाटेतल्या नाक्यांवर दाखवावा लागतो आणि नाक्यावर झेरॉक्सचं दुकान नसतं. म्हणून पासपोर्टच्या पाच प्रती काढून या पाकिटात घातल्या आहेत. व्हिसा मिळाला की त्याच्याही पाच काढ.

तुझी,
आई