त्या मुलाला खांबापाशी थांबू द्यायला हवं होतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आजकालच्या मुलांना इतिहासाची गोडी राहिली नाही म्हणून अर्धं पान लेख आलाय तो वाचला आणि काल दिवसभर ऑफिसात डोक्यात तेच चालू होतं, म्हणून आज सकाळी डबे भरून झाल्या झाल्या लिहायला बसले. लेखकांचा अभ्यास मोठा असेल, मी साधी नोकरी करणारी बाई आहे, पण मुलं लेण्यांत आणि किल्ल्यांवर बोअर होतात, तिथे आता मोबाईल गेम पाहिजेत, सेल्फी पॉइंट पाहिजेत तरच ती रमतील असं जे लिहिलंय ते मला अजिबात पटलेलं नाही. मुलं रमतात हो. चांगली दोन-दोन तास रमतात, मी डोळ्यांनी बघितलंय.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या शाळेची सहल कार्ल्याला गेली होती. शाळेचं नाव लिहीत नाही कारण पुढची ६ वर्षं तिला तिथेच काढायचीत. लेणी आणि मग वॉटरपार्क असा कार्यक्रम होता. घरी आल्यावर विचारलं काय काय बघितलं, तर म्हणाली, "आई, आत काळोख होता आणि सर सारखी शिट्टी वाजवत होते." लेणीत वीस मिनिटं आणि पाण्यात चार तास, एवढा हिशोब. तेव्हाच ठरवलं की हिला आपण परत न्यायचं आणि दिवसभर दुसरं काहीही करायचं नाही.

तर मागच्या महिन्यात एका रविवारी ती (वय १०) आणि माझ्या बहिणीचा मुलगा (वय ८) अशा दोघांना घेऊन सकाळच्या लोणावळा लोकलने मळवलीला उतरले. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या तीन बाटल्या आणि लायब्ररीतल्या पुस्तकातून काढलेली ब्राह्मी या प्राचीन लिपीच्या मुळाक्षरांची झेरॉक्स. आमची सगळी तयारी एवढीच.

आधी चालत भाज्याला, म्हणजे भाजे लेण्यांना गेलो. ही लेणी कार्ल्याच्याही आधीची, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातली. चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनाच्या पुढे भिंतच नाही, सगळं उघडं, आणि मला वाटलं होतं की पोरं पाच मिनिटांत पुढे पळतील, तर भाचा एका खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला, मावशी हा खांब वाकडा आहे. मग दुसऱ्याला पाठ लावली, तोही वाकडा. सगळे आत कललेले. मग त्याला सांगितलं की हे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लाकडाची घरं बांधणारे, लाकडी घराचा खांब जसा तिरका रोवायचे तसाच त्यांनी दगडातला खांब कोरला, आणि पुढची भिंत लाकडाची होती ती काळाच्या ओघात गेली, तिच्या खाचा आणि भोकं तेवढी दगडात दिसतात. त्यानंतर अर्धा तास दोघं नुसती भोकं शोधत होती. पुढे १४ स्तूप आहेत, काही आत काही बाहेर, ते दोन वेळा मोजून झाले. आणि शेवटच्या लेणीत ती ढोल वाजवणारी बाई आहे आणि शेजारी नाचणारी, वाजवणारीचे हात बघून माझी मुलगी म्हणाली की आई ही तर तबला वाजवतेय, दोन वेगळे आहेत बघ. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी रिक्षा करून कार्ल्याला. रविवार म्हणजे एकवीरा आईच्या दर्शनाची गर्दी, पायऱ्यांवर फुलं, पेढे, आई माऊलीचा उदो उदो, पोरांना त्याचीही मजा वाटली. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, ही पुरातत्त्व खात्याची फार चांगली गोष्ट आहे आणि ती लोकांना माहीत नसते, लेखात तेवढं तरी यायला हवं होतं.

आता मुख्य गोष्ट. आत शिरलो, दोघांनी खांब मोजले, दोन्ही बाजूंना १५-१५ आणि स्तुपाच्या मागे साधे ७, एकूण ३७. वर छताला लाकडाच्या कमानी आहेत, मूळच्या, म्हणजे जवळपास २००० वर्षांपूर्वीचं लाकूड आहे ते, आणि मुलीने विचारलं की दगडाच्या छताला लाकडाचा आधार कशाला. आधार नाहीच तो, सवय आहे, असं मी सांगितलं आणि ती लगेच म्हणाली, भाज्याच्या वाकड्या खांबांसारखं. मग झेरॉक्स काढली. ब्राह्मीतला क अगदी अधिकच्या चिन्हासारखा असतो आणि इथल्या कितीतरी खांबांवर धेनुकाकट या गावाचं नाव आहे, त्यात दोन क शेजारी शेजारी. मोबाईलचा टॉर्च समोरून मारला तर काही दिसत नाही, बाजूने तिरका धरला की अक्षरांत सावली पडते आणि एकदम उठून दिसतात. दोन अधिक दिसले की पोरं ओरडायची, सापडलं! खांब म्हणजे तेव्हाच्या भाषेत थभ, एका खांबावर तर धेनुकाकटच्या यवनाने (तेव्हा ग्रीकांना यवन म्हणत) हा थभ दान दिला असं कोरलेलं आहे, हे सांगितल्यावर भाच्याने त्या खांबाला हात जोडले.

तेवढ्यात एका शाळेची सहल आली. साठ-सत्तर मुलं, रांगेत, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून. सर पुढे चालता चालता मोठ्याने सांगत होते की हे पांडवांनी एका रात्रीत केलं. रांग स्तुपाला वळसा घालून परत निघाली आणि त्यातला एक मुलगा, नऊ एक वर्षांचा असेल, गळ्यात पाण्याची बाटली, आमचा टॉर्च बघून थांबला. काय शोधताय म्हणून विचारलं. माझ्या मुलीने झेरॉक्स दाखवली. त्याने ती नीट बघितली, पलीकडच्या खांबाकडे गेला, बोटाने चाचपलं आणि म्हणाला, "काकू, इथे पण आहे!" खरंच होतं. आम्ही त्या खांबापर्यंत पोचलोच नव्हतो. आणि मग लगेच त्याने विचारलं, "काकू, पण पांडवांनी एका रात्रीत केलं तर ही नावं कुणाची?"

मी तोंड उघडलं तेवढ्यात शिट्टी. सर आले, त्याचा दंड धरला, रांग मोडली म्हणून सगळ्यांदेखत ओरडले आणि घेऊन गेले. मी म्हटलं सर दोन मिनिटं द्या, चांगलं विचारतोय, तर म्हणाले मॅडम तुम्हाला दोन मुलं आहेत, मला सत्तर. त्यांचंही खरं आहे, एका माणसाच्या गळ्यात सत्तर मुलं अडकवणाऱ्यांना विचारायला पाहिजे. पण तो मुलगा दारातून बाहेर पडेपर्यंत मागे वळून खांबाकडे बघत होता आणि ते तोंड माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. आता सांगा, गोडी कुणाला नाही?

त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर इथे लिहिते, कुणी सांगा त्याला. ती नावं माणसांची आहेत. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा भूतपाल नावाचा शेठ, त्याने हे शैलगृह पुरं केलं आणि जंबुद्वीपात, म्हणजे अख्ख्या भारतवर्षात, हे उत्तम आहे असं अभिमानाने कोरून घेतलं. दारापाशी धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं नाव आहे आणि सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या सिंहदत्ताचं. एक सुतार, एक अत्तरवाला! पांडवांची गोष्ट एकवीरेच्या देवळाची म्हणून लोक श्रद्धेने सांगतात, ती ऐकावीच, पण या खांबांचे पैसे कुणी दिले ते खांबावरच लिहिलेलं असताना मुलांना ते वाचू द्यायला काय हरकत आहे?

पुरातत्त्व खात्याला एक विनंती, तिथे दगडावर नावं खरवडलेली आहेत, कायद्याने त्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे असं असूनही, तर ती धमकीची पाटी राहू द्या पण शेजारी ब्राह्मी अक्षरांचा एक तक्ता लावा, मुलांच्या उंचीवर. आणि मुलींना घेऊन जाणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ बाथरूमची काळजी घ्या, आम्ही त्या दिवशी पाणी जपून जपून प्यायलो. परतीच्या लोकलसाठी मळवलीला दीड तास बसलो तेव्हा दोघं झेरॉक्स बघून एकमेकांना ब्राह्मीत चिठ्ठ्या लिहीत होती, मोबाईल माझ्या पर्समध्येच होता.

जाता जाता अजून एक. लेखासोबत जो मोठा फोटो छापलाय त्याखाली कार्ले लेणी लिहिलंय. तो भाज्याचा आहे. कार्ल्याला पुढे दगडी भिंत आहे, दारं आहेत, बाहेर सिंहांचा स्तंभ आहे. फोटोत समोरचं सगळं उघडं आहे आणि खांब आत कललेले स्पष्ट दिसतात. हे मी नाही, आठ वर्षांच्या मुलाने पेपर हातात घेतल्या घेतल्या सांगितलं. तेवढी दुरुस्ती छापा, तो रोज सकाळी बघतोय.

आपली,
एक वाचक, चिंचवड